‘नाकातलं दाखवा’: खानदेशच्या सराफ्यात नाक टोचणं, चमकी आणि नथ

जळगावच्या सराफ बाजारात पेढीवर आलेलं गिऱ्हाईक दागिन्याचं नेमकं नाव फारसं घेत नाही. ‘नाकातलं दाखवा’ एवढंच म्हणतं. धुळ्याला आग्रा रोडवर तीच मागणी अहिराणीत येते, ‘नाकमानं दखाडा ना भाऊ’. या एका शब्दावर समोर तीन-चार ट्रे येतात. एका खड्याच्या चमक्या, सोन्याच्या फुल्या, मोरण्या, तारेच्या नथी, चापाच्या नथी. बहुतेक खरेदी इथेच चुकते, कारण निवड चेहऱ्यासमोर आरसा धरून होते आणि नाकाला कोणी काही विचारत नाही. भोक कुठे आहे, किती जुनं आहे, त्यातून किती जाडीची तार जाते, हे प्रश्न घरी गेल्यावर पडतात. तोवर बिल झालेलं असतं.

म्हणून हे परीक्षण एखाद्या पेढीचं नाही. खानदेशात सराफाकडे मिळणारी ही जी जोडसेवा आहे, आधी नाक टोचून देणं आणि मग त्यात घालायला काहीतरी विकणं, तिचं आहे. सुरुवात शब्दांपासून करावी लागते. सेवेतल्या निम्म्या तक्रारी शब्द मोघम वापरल्यामुळे होतात.

‘नाक’ हा मराठी शब्द संस्कृत नासिकेपासून थेट आलेला नाही. प्राकृतात ‘णक्क’ होता, त्याचं नाक झालं. रोजच्या बोलण्यात हा एकच शब्द पाच जागांसाठी वापरतात: दोन डोळ्यांमधून खाली येणारी दांडी, पुढचा शेंडा, मधला पडदा आणि दोन बाजूंच्या नाकपुड्या. त्यात ‘नाकपुडी’चे पुन्हा दोन अर्थ. श्वास जातो ते छिद्रही नाकपुडी आणि त्याच्या बाहेरची मऊ भिंतही नाकपुडी. ‘नाक टोचून द्या’ म्हणजे महाराष्ट्रात डाव्या नाकपुडीची बाहेरची भिंत टोचणं, हे कोणी न सांगता धरलं जातं. पण त्या भिंतीवरची नेमकी जागा कोणती, हे कोणी बोलत नाही. ‘इथे’ म्हणून बोट ठेवलं जातं आणि सुई जाते. बोटाचं टोक सेंटीमीटरभर रुंद असतं. दागिना बसण्याच्या हिशेबात हे अंतर फार मोठं आहे.

नाकपुडी फुगवली की तिच्या मागच्या बाजूला गालाकडे वळणारी एक घडी दिसते. तिला आपण खाच म्हणू. या खाचेच्या जरा पुढे, खालच्या बाजूला, भिंत मऊ असते. तिथे कूर्चा नसते, नुसती त्वचा आणि तंतू-चरबीचा थर. बोटांच्या चिमटीत धरून पाहिलं की कळतं. वर शेंड्याकडे सरकलं की चिमटीत कडक, रबरासारखं लागतं, ती कूर्चा. चमकीची चांगली जागा या मऊ भागात, खाचेच्या पुढे, म्हणजे खडा घडीत बुडत नाही आणि मागची फिरकी आत पडद्याला घासत नाही. वर कूर्चेत टोचलेलं भोक बरं व्हायला जास्त दिवस लागतात, दुखतंही जास्त, आणि तिथे गाठ येण्याची शक्यता वाढते.

नथ घालायची असेल तर हिशेब बदलतो. नथ नाकपुडीला वेढा घालते आणि मोत्यांचा घोस ओठांच्या बाजूला येतो. भोक फार मागे असेल तर घोस गालावर झोपतो. फार खाली, कडेजवळ असेल तर नथीचं वजन कड खाली ओढतं आणि काही वर्षांत भोक ओघळतं. नाकपुडीच्या कडेपासून निदान चार मिलिमीटर मांस खाली राहिलं पाहिजे. म्हणून टोचणाऱ्याला पहिलं वाक्य हे सांगायचं: ‘चमकीसाठी टोचायचंय’ किंवा ‘पुढे नथ घालायची आहे’. दोन्ही हवं असेल तर नथीची जागा धरावी. त्या जागेवर चमकी चालते, चमकीच्या जागेवर नथ चालेलच असं नाही.

खूण पेनाने करून घ्यावी आणि आरशात पाहावी. समोरून, मग डावीकडून, मग हसून. हसताना नाकपुडी पसरते आणि खूण वर सरकते. ती सरकलेली जागाही पटली तरच पुढे जायचं. चांगला कारागीर खूण पुसून दुसऱ्यांदा करायला कंटाळत नाही. जो घाई करतो त्याच्याकडून टोचून घेऊ नये, पेढी कितीही जुनी असो.

आता टोचण्याच्या तीन पद्धती. खानदेशात तिन्ही मिळतात.

पहिली सराफाची. बावीस कॅरेट सोन्याच्या तारेचं टोक तासून अणकुचीदार करतात, तीच तार नाकपुडीतून पार करतात आणि तिथल्या तिथे वळवून वाळी करतात. काम काही सेकंदांचं. हात बसलेला असेल तर भोक सरळ पडतं आणि तारेच्याच जाडीचं पडतं, त्यामुळे सूज कमी येते. सोनंही बहुतेकांना सोसतं. दोष दोन. तार बहुधा अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जराशी जाड असते, म्हणून भोक बारीक राहतं आणि पुढे नथीची जाड तार जात नाही. दुसरा दोष मोठा आहे. तार गॅसच्या ज्योतीवर धरून किंवा स्पिरिटने पुसून ‘निर्जंतुक झाली’ असं मानतात. पुसल्याने कावीळ ब आणि क चे विषाणू खात्रीने जात नाहीत. नवी तार, नवे हातमोजे आणि तुमच्यासमोर उघडलेलं पाकीट, एवढं मिळत असेल तर ही पद्धत आजही चांगली आहे. आधी कोणाच्या नाकातून गेलेली ‘टोचायची सुई’ डबीतून काढली तर उठून यावं.

दुसरी गन. मॉलमधल्या आणि बस स्टॅंडजवळच्या इमिटेशनच्या दुकानांत ही दिसते. दिसायला आधुनिक, आणि तिघींत सर्वात वाईट. गनमधली चमकी सुईसारखी धारदार नसते. स्प्रिंगच्या जोरावर ती मांस फाडत जाते. वर मागचा चाप लगेच दाबून बसतो, सूज आली की त्याला जागा उरत नाही आणि खडा कातडीत रुततो. प्लॅस्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, घालता येत नाही, म्हणजे दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये ती नीट निर्जंतुक होऊच शकत नाही. कानाच्या पाळीला एखादे वेळी चालून जातं, नाकाला अजिबात घेऊ नये.

तिसरी पोकळ निर्जंतुक सुई, डॉक्टरकडे किंवा प्रशिक्षित टोचणाऱ्याकडे. पाकीटबंद सुई, एकदाच वापरायची, जाडी निवडता येते. नथ घालायची हे ठरलेलं असेल तर ०.८ मिलिमीटर, म्हणजे २० गेज, किंवा १ मिलिमीटर, म्हणजे १८ गेज, असं सांगून टोचून घ्यावं. मधुमेह असेल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा जुन्या जखमांवर वाढीव मांस येत असेल, तर हाच एक मार्ग धरावा आणि आधी डॉक्टरांशी बोलावं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे का हे कुठल्याही पद्धतीत आधी पाहावं.

आमचं मत विचाराल तर पसंतीचा क्रम तिसरी, पहिली, आणि गन नाहीच.

खानदेशात टोचण्याचा मोसमही पाहावा लागतो, आणि पेढीवर हे कोणी सांगत नाही. नाक टोचायची सर्वात मोठी गर्दी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. सोनं घ्यायचा मुहूर्त, माहेरी आलेल्या लेकी, झोके, सगळं एकत्र. पण आखाजी पडते वैशाखात. जळगाव-भुसावळचं ऊन तेव्हा ४४-४५ अंशांना टेकलेलं असतं. दिवसभर घाम, तो पुसायला हात नाकाशी, वर धूळ. ताज्या भोकाला याहून वाईट काही नाही. सोनं आखाजीला घ्यावं, नाक मार्गशीर्ष ते माघ या थंडीच्या दिवसांत टोचावं. त्यातही अपवाद आहे. नंदुरबारला मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर काम करणाऱ्या बायांनी मिरचीचा हंगाम चालू असताना टोचू नये. मिरचीची पूड ताज्या जखमेत गेली की आग थांबत नाही आणि चोळून चोळून भोक चिघळतं. जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्यांनाही कापसाच्या तुसाचा असाच त्रास होतो, तूस तारेभोवती गुंडाळून घट्ट बसतं. त्यांनी हंगाम संपल्यावर, उन्हाळा कडक व्हायच्या आत टोचावं.

टोचल्यानंतरची निगा साधी आहे, पण घरोघरचे उपाय तिच्या आड येतात. २५० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा साधं मीठ. स्वच्छ कापडाचा किंवा गॉजचा तुकडा त्यात भिजवून दिवसातून दोनदा पाच मिनिटं भोकावर धरायचा, खपली मऊ झाली की अलगद टिपायची. साठवलेल्या टाकीतलं पाणी न उकळता वापरू नये. हळद आणि खोबरेलाचा लेप सगळीकडे सांगितला जातो. तो लेप सुकून तारेभोवती कवच धरतो आणि आतला स्राव बाहेर पडायला वाट राहत नाही. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नव्या कातडीलाच जाळतात. ‘चिकटू नये म्हणून तार रोज फिरव’ हाही सल्ला चुकीचा, फिरवताना कोरडी खपली आत ओढली जाते आणि भरत आलेली जखम पुन्हा उघडते.

पहिले दोन-तीन दिवस लाली, थोडी सूज आणि पांढुरकी खपली हे ठरलेलं आहे. पिवळा-हिरवा पू, गालाकडे पसरणारी लाली, ठणका किंवा ताप दिसला तर डॉक्टर. अशा वेळी घाबरून चमकी काढू नये. भोक वरून मिटतं आणि पू आत कोंडतो. काढायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. भोकाशेजारी मुगाएवढा लाल उंचवटा आला तर तो बहुधा घासण्यामुळे आलेला असतो, दागिन्याची लांबी किंवा धातू बदलला की बसतो. मूळ जखमेच्या बाहेर पसरत जाणारं, कडक, वाढीव मांस ही वेगळी गोष्ट आहे. त्याला घरगुती इलाज नाही.

बाहेरून भोक सहा ते आठ आठवड्यांत बरं दिसतं. आतून पक्कं व्हायला चार ते सहा महिने लागतात. याच फरकामुळे लग्नसराईत सगळ्यात जास्त नाकं बिघडतात. लग्न पंधरा दिवसांवर आलं की नवरीला टोचायला आणतात आणि हळदीच्या दिवशी त्या ओल्या भोकातून नथीची तार ओढतात. लग्नासाठी टोचायचं तर सहा महिने आधी. तेवढा वेळ नसेल तर चापाची नथ घ्यावी.

चापाच्या नथीला कमी लेखू नये. चाप म्हणजे स्प्रिंगची चिमटी, एक पट्टी नाकपुडीच्या आत, एक बाहेर. ती बसवणं मात्र कसबाचं आहे. पेढीवरच घालून पाहावी आणि पाच मिनिटं फिरावं. मान खाली घालून सरकली तर चाप ढिला. काढल्यावर पांढरा, खोल वळ राहिला तर घट्ट. सराफ बारीक पकडीने फट कमी-जास्त करून देतो, त्याचे पैसे कोणी घेत नाही, फक्त मागावं लागतं. दोन-तीन तासांच्या वर सलग घालू नये. मेकअपच्या फाउंडेशनवर चाप घसरतो. म्हणून नथ घालण्याआधी नाकपुडीच्या त्या भागावरचं फाउंडेशन पुसून जागा कोरडी करावी, किंवा आतल्या पट्टीला कागदी वैद्यकीय टेपचा छोटा तुकडा लावावा. चापाच्या स्वस्त नथींना पितळेवर निकेलचा मुलामा असतो. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांना त्याने खाज सुटते. सोन्याच्या नथीतही स्प्रिंगची पट्टी दुसऱ्या धातूची असू शकते. ते विचारून पावतीवर लिहून घ्यावं.

तारेच्या नथीत पाहायची वस्तू मोती नव्हे, तार. ‘नाकापेक्षा मोती जड’ ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो, पण पेढीवर ती अक्षरशः लागू पडते. बारीक तारेला जड घोस लटकवला की तार सुरीसारखी काम करते, वजन एका रेघेवर येतं आणि भोक खाली खाली कापत जातं. तेच वजन जाड, गोल, गुळगुळीत तारेवर पसरतं. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेवर चार ग्रॅमची नथ म्हणजे ओघळलेल्या नाकाला आमंत्रण. तार निदान ०.८ मिलिमीटरची असावी, आणि नाकपुडीतून जाणारा भाग बोटावर फिरवून पाहावा. खरखरीत लागला, जोडाची गाठ त्या भागात आली, किंवा तारेला पिळाच्या रेघा असल्या, तर ती नथ सुंदर असली तरी नको. जोड नेहमी नाकाच्या बाहेर राहणाऱ्या भागात असावा.

दुसरी गोष्ट नथीचा आकडा, म्हणजे तारेचं टोक ज्यात अडकतं ते वळण. बावीस कॅरेट सोनं मऊ असतं. रोज उघडझाप केली की आकडा सरळ होत जातो आणि एका लग्नात नथ जेवणाच्या ताटात पडते. आकडा एका दमात टक करून बसला पाहिजे. लग्नाकार्याला वर्षातून चारदा घालायची नथ बावीस कॅरेटची चालते. रोज वापरायची मोरणी किंवा लहान नथ असेल तर तार आणि आकडा अठरा कॅरेटचा घेणं शहाणपणाचं, मिश्रधातू जास्त असल्यामुळे तो ताठ राहतो.

मोती ओवायची तार वेगळी, बारीक असते. ती सोन्याची आहे की मुलामा दिलेल्या तांब्याची, हे पाठीमागून भिंगाने पाहावं. तांब्याची असेल तर घामाने काळी पडते आणि तो काळेपणा मोत्यांच्या भोकांतून बाहेर दिसू लागतो. मोती खरे की काचेचे, हे दोन मोती एकमेकांवर हलकेच घासून कळतं. खरे किंचित खरखरतात, काचेचे आणि प्लॅस्टिकचे गुळगुळीत सरकतात. नथीतले सुटे मोती दाखवायला सराफ तयार असेल तर ही चाचणी घ्यावी, ओवलेल्या नथीवर घेऊ नये. अत्तर, हेअर स्प्रे आणि घाम हे मोत्याचे वैरी. नथ सगळ्यात शेवटी घालायची, सगळ्यात आधी काढायची आणि मऊ कापडाने पुसून वेगळ्या डबीत ठेवायची.

नथीच्या नावांचं फार मनावर घेऊ नये. पेशवाई, मोराची, पाचूची, बानू अशी नावं ट्रेवर चिठ्ठ्या लावून येतात. एका पेढीची पेशवाई दुसऱ्या पेढीत वेगळ्याच आकाराची असते. नावापेक्षा आकार सांगावा: घोस केवढा, लाल-हिरवे खडे किती, तार किती जाड.

‘नथ पुरातन काळापासून’ असं विक्रेते सांगतात तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जळगावच्या जवळच अजिंठा आहे. त्या चित्रांतल्या स्त्रियांच्या कानांत, गळ्यात, दंडांवर, कमरेला इतके दागिने आहेत की आजचा सराफही थबकेल. नाकात मात्र काही नाही. नाकातला दागिना भारतात नंतर रुळला. याने नथीचं मोल कमी होत नाही, पण ‘प्राचीन घाट’ म्हणून जास्त घडणावळ कोणी मागितली तर उत्तर आपल्याकडे असावं.

शब्दाचं मूळ शेतातही सापडतं. प्राकृतातला ‘णत्था’ म्हणजे नाकातली दोरी. बैलाच्या नाकातली ‘नाथ’ त्याच घरची, तिलाच वेसण म्हणतात, खानदेशातल्या बोलीत ‘येसन’. फरक जागेचा आहे. बैलाची वेसण पडद्यातून जाते, बाईची नथ नाकपुडीतून. पण कारागिराचं शहाणपण दोन्हीकडे सारखंच. बैलाला बारीक, खरखरीत नायलॉनची वेसण घातली की नाक कापतं, म्हणून जाणता शेतकरी मऊ, जाड, सुती वेसण शोधतो. नथीच्या तारेला हाच नियम.

चमकीबद्दल थोडक्यात. मागचं टोक तीन प्रकारचं मिळतं. फिरकीचं, इंग्रजी एल अक्षरासारखी वळवलेली तार, आणि सरळ दांडी. फिरकी सगळ्यांना हवी असते, पण तिचे आटे झिजतात, आणि ढिली फिरकी झोपेत श्वासाबरोबर घशात किंवा श्वासनलिकेत जाऊ शकते. आठवड्यातून एकदा बोटाने फिरवून पाहावी, ढिली लागली तर रात्री काढून ठेवावी. उलट फार आवळली तर सूज आल्यावर ती आतल्या कातडीत रुतते. फिरकी आणि चमकीची दांडी वेगवेगळ्या कॅरेटची असते बऱ्याचदा, फिरकी अठराची, चमकी बावीसची. मोडीला दिली की सगळंच अठराच्या भावाने लावायचा प्रयत्न होतो. पावतीवर दोन्ही कॅरेट स्वतंत्र लिहिलेले असतील तर हा वाद उद्भवत नाही.

आता पावती, कारण खानदेशच्या सराफ्यातली सगळ्यात कमकुवत बाजू हीच आहे. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख-क्रमांक, सक्तीचा आहे. तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहता येतो. पण दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना या सक्तीतून सूट आहे. मोठ्या नथी सोडल्या तर नाकातलं बहुतेक सगळं त्या सुटीत येतं. जुन्या बाया ‘चार गुंजांची फुली’ म्हणतात. तोळ्याला ११.६६४ ग्रॅम आणि तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम आणि चार गुंजा अर्धा ग्रॅमही भरत नाहीत. एवढ्याशा फुलीवर शिक्का नसतो, तेव्हा तिची शुद्धता फक्त पावतीवरच्या शब्दांवर उभी असते. कच्च्या चिठ्ठीवर ‘नाकातलं, १ नग’ असं लिहिलं असेल तर ती चिठ्ठी उद्या कोणत्याही पेढीवर कामाची नाही. पावतीवर कॅरेट, ठोक वजन, मोती-खड्यांचं वजन, निव्वळ सोन्याचं वजन, त्या दिवसाचा दर, घडणावळ आणि जीएसटी, सगळं वेगळं हवं.

मोती-खड्यांचं वजन का, ते एका नथीवर पाहू. नथीचं ठोक वजन ४.२०० ग्रॅम, मोती आणि खडे १.६५० ग्रॅम. निव्वळ सोनं २.५५० ग्रॅम. बावीस कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग, म्हणून शुद्ध सोनं जेमतेम २.३३६ ग्रॅम. ठोक वजनावर दर लावला तर दीड ग्रॅमहून जास्त मोती सोन्याच्या भावाने विकले जातात. मोडीच्या वेळी तोच सराफ मोती काढून बाजूला ठेवतो आणि निव्वळ सोनंच तोलतो. ‘मोत्यांचं वजन किती?’ हा प्रश्न विकत घेतानाच विचारावा. उत्तर न देणाऱ्याकडून नथ घेऊ नये. जळगावचा शुद्ध सोन्यासाठीचा लौकिक मोठा आहे, सुवर्णनगरी हे नाव त्याला उगाच मिळालेलं नाही. पण लौकिक गावाचा असतो, पावती तुमची.

दुरुस्तीत मात्र इथली सेवा खरंच उजवी आहे. सराफ बाजाराच्या आतल्या गल्ल्यांत बसणारे कारागीर, त्यांत बंगाली कारागीरही बरेच, नथ पुन्हा ओवून देणं, आकडा बदलणं, फिरकीचे आटे नव्याने पाडणं ही कामं समोर बसून करतात. श्रावणात कानबाई या खानदेशी देवीच्या उत्सवाआधी इथे गर्दी असते. कानबाईच्या नारळालाही नथ चढते आणि वर्षभर डब्यात पडलेली घरातली नथ तेव्हा बाहेर निघते. त्या आठवड्यात काम टाकू नये, घाईत ओवलेले मोती महिन्यात सैल होतात.

भोक ओघळून कडेपर्यंत आलं असेल तर कोणताही सराफ ते दुरुस्त करू शकत नाही. ‘शेजारी दुसरं पाडून देतो’ असं कोणी म्हटलं तरी ऐकू नये, मधली पातळ पट्टी तुटते. डॉक्टर जागा बधिर करून ती चीर शिवतात. ती पूर्ण भरून पक्की झाल्यावर, काही महिन्यांनी, वणाच्या बाजूला नव्याने टोचावं, वणात नाही. वणाचं कातडं ओढ सोसत नाही.

आजीची नथ नातीला घालायची असेल तर बहुतेक वेळा तिची तार आजच्या बारीक भोकात जात नाही. भोक ताणून मोठं करू नये, तार बदलून घ्यावी. देण्याआधी नथीचा दोन्ही बाजूंनी फोटो, मोती आणि खडे मोजून त्यांची संख्या, आणि समोर केलेलं वजन, तिन्ही चिठ्ठीवर हवं. काढलेली जुनी तार परत मागायची. ती सोन्याची असते, आणि तिचं वजनही त्याच चिठ्ठीवर लिहून घ्यायचं.